कोषातले चार परार्ध

भास्कराचार्यांनी ‘लीलावती’त संख्यांची नावे दसपटीने चढत नेली आणि परार्धापाशी थांबवली. परार्ध म्हणजे १ वर १७ शून्ये. एवढ्या मोठ्या आकड्याची गरज कोणाला पडणार, असे शाळेत प्रत्येकाला वाटून गेलेले असते. तो आकडा वापरायची वेळ म्हैसूरच्या आसपासच्या कोणत्याही रेशीम शेतकऱ्याकडे येते. त्याच्या चंद्रिकेवरचा, म्हणजे अळ्या जिच्यावर कोष विणतात त्या चौकटीवरचा, एक पांढरा कोष उचला. वजन जेमतेम पावणेदोन ग्रॅम, तेही आतल्या कोशितासकट. त्याच्या कवचात फायब्रोइन या रेशमी प्रथिनाच्या साधारण चार परार्ध साखळ्या असतात.

या साखळ्या सुट्या करायच्या, म्हणजे रेशीम पुन्हा द्रवात विरघळवायचे, हा रसायनशास्त्रातला जुना हट्ट आहे. त्यासाठी गेल्या दोन दशकांत पुढे आलेली द्रवांची जात म्हणजे आयनी द्रव: खोलीच्या किंवा जरा वरच्या तापमानाला पातळ राहणारी मिठे. असे द्रव आणि त्यांची मिश्रणे मिळून किती होऊ शकतील, याचा रसायनशास्त्रज्ञांचा अंदाज आहे १ वर १८ शून्ये, म्हणजे दहा परार्ध. भास्कराचार्यांची मालिका तिथे पुरत नाही.

पंचवीस दिवसांत दहा हजारपट

म्हैसूर आणि रेशीम यांचे नाते टिपू सुलतानाच्या काळापासूनचे. १९१२ मध्ये नाल्वडी कृष्णराज वोडेयार यांनी शहरात रेशीम विणण्याचा कारखाना काढला. आज तो कर्नाटक सिल्क इंडस्ट्रीज कॉर्पोरेशनकडे आहे आणि म्हैसूर सिल्कला भौगोलिक मानांकन मिळालेले आहे. शहराच्या श्रीरामपुरा भागात केंद्रीय रेशीम मंडळाची संशोधन व प्रशिक्षण संस्था आहे. मराठवाड्यातला रेशीम शेतकरी या संस्थेला रोज भेटतो, फक्त नावाने ओळखत नाही. त्याच्या बांधाआड उभी असलेली व्ही-१ जातीची तुती या संस्थेने दिलेली. सीएसआर नावाच्या संकरित अळ्याही इथल्याच. जालन्यात २०१८ मध्ये कोष बाजार सुरू होण्याआधी हेच शेतकरी कोषांची पोती घेऊन थेट रामनगरमचा बाजार गाठत.

अंड्यातून निघालेल्या अळीचे वजन अर्धा मिलिग्रॅम असते. पुढचे तीन-साडेतीन आठवडे ती तुतीचा पाला खाते, चार वेळा कात टाकते आणि वजनाने सुमारे दहा हजारपट होते. तीन किलोचे तान्हे बाळ याच वेगाने वाढले असते तर महिनाही पुरा होण्याआधी ३० टनांचे झाले असते. म्हैसूरच्या दसऱ्यात ७५० किलोची सोन्याची अंबारी पाठीवर घेऊन चालणारा हत्ती साधारण पाच टनांचा असतो. तसे सहा हत्ती एका बाळात मावले असते.

मग अळी खाणे सोडते, चंद्रिकेवर चढते आणि मान आठच्या आकड्यात हलवत धागा काढू लागते. मिनिटाला साधारण एक फूट, सलग तीन दिवस. दुबार जातीच्या चांगल्या कोषात असा हजार मीटर किंवा त्याहून अधिक अखंड तंतू असतो.

किलोभर रेशमाची लांबी

तुतीच्या रेशमाचा एकेरी तंतू ९ हजार मीटर घेतला तर त्याचे वजन पावणेतीन ते तीन ग्रॅम भरते. हिशेब मांडा: एक किलो रेशमात असा तंतू सुमारे ३,२०० किलोमीटर निघतो. भारताची दक्षिणोत्तर लांबी ३,२१४ किलोमीटर आहे. म्हणजे येवल्याच्या विणकराने बेंगळुरूकडून मागवलेल्या किलोभर रेशमात काश्मीरच्या टोकापासून कन्याकुमारीपर्यंत पोचेल एवढा तंतू असतो. तो हजारो कोषांतून आलेला असतो आणि उकलताना अनेक तंतू एकत्र घेऊन धागा केलेला असतो, एवढाच फरक.

आता देशाचा आकडा घेऊ. २०२३-२४ मध्ये भारतात सुमारे ३९ हजार टन कच्चे रेशीम निघाले. त्यातले ढोबळ ३० हजार टन तुतीचे, बाकीचे टसर, एरी आणि मुगा. ३० हजार टन म्हणजे ३ कोटी किलो. त्याला ३,२०० ने गुणले की ९,६०० कोटी किलोमीटर येतात. पृथ्वीपासून सूर्य १५ कोटी किलोमीटरवर आहे. हा तंतू तिथे ३२० वेळा जाऊन परत येईल. १९७७ मध्ये निघालेले व्हॉयेजर-१ यान आज सुमारे २,५०० कोटी किलोमीटरवर पोचले आहे. भारतातल्या अळ्यांनी एका वर्षात काढलेला तंतू त्या अंतराच्या जवळपास चौपट भरतो. प्रकाशाला त्याच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकाला जायला तीन दिवस आणि सतरा तास लागतील.

एवढा अजस्र तंतू पाण्यातून येतो. अळीच्या पोटातल्या ग्रंथीत रेशीम द्रवच असते: पाण्यात २५ ते ३० टक्के प्रथिन. ना उष्णता, ना तेजाब. ओठाखालच्या बारीक छिद्रातून ते ओढले जाते तेव्हा साखळ्या ताणल्या जातात, एकमेकींशेजारी समांतर बसतात आणि पाणी बाहेर ढकलतात. त्यानंतर त्याच पाण्यात तुम्ही ते तासन् तास उकळा, वरचा सेरिसिन नावाचा गोंद निघून जाईल, पण आतले फायब्रोइन तसेच राहील. जाताना पाणी पुरते, परत यायला पुरत नाही. सगळी अडचण या एकेरी वाटेची आहे.

साखळ्यांची मोजदाद

चार परार्ध हा आकडा कुठून आला? कोषाच्या कवचाचे वजन ०.४ ग्रॅम धरू. त्यात सुमारे ७० टक्के फायब्रोइन, म्हणजे ०.२८ ग्रॅम. फायब्रोइनची मुख्य साखळी ५,२६३ अमिनो आम्लांची. तिचा रेणुभार ३ लाख ९० हजारांच्या घरात आहे. तिच्यासोबत एक छोटी साखळी आणि आणखी एका प्रथिनाचा वाटा असतो; तेही धरले तर ४ लाख २० हजार. ०.२८ ला या रेणुभाराने भागून अॅव्होगाड्रोच्या संख्येने गुणले की उत्तर ४ वर १७ शून्ये.

अशी एक साखळी सरळ ताणली तर तिची लांबी मिलिमीटरचा सुमारे साडेपाचशेवा भाग भरते. पण एका कोषातल्या सगळ्या साखळ्या टोकाला टोक लावून मांडल्या, तर सुमारे ७३ कोटी किलोमीटर होतात. सूर्यापासून गुरू सरासरी ७८ कोटी किलोमीटरवर आहे. बोराएवढा कोष, आणि त्यातली रेणूंची ओळ जवळपास गुरूपर्यंत.

या साखळ्यांत तीन अमिनो आम्लांची सद्दी आहे: ग्लायसिन सुमारे ४६ टक्के, अॅलानिन ३० टक्के, सेरिन १२ टक्के. तिन्ही आकाराने लहान, त्यामुळे साखळ्या एकमेकींना अगदी चिकटून बसतात आणि त्यांच्यात हायड्रोजन बंध तयार होतात. एकेक बंध दुबळा असतो. अणूंना अणूंशी जोडणाऱ्या खऱ्या रासायनिक बंधाच्या दहाव्या-पंधराव्या हिश्श्याएवढी त्याची ताकद. पण मोळीतली एक काडी मोडणे वेगळे आणि मोळी मोडणे वेगळे. कोषातल्या निम्म्या अमिनो आम्लांनी प्रत्येकी एक बंध धरला आहे असे मानले, तरी त्यांची संख्या १ वर २१ शून्ये होते. पाण्याचा रेणू त्यातले काही सोडवतो, तेवढ्यात शेजारचे पुन्हा जुळतात.

रेशीम विरघळवायचे तरी कशाला? कोष उकलताना सगळे रेशीम धाग्यात येत नाही. बाहेरचा गुंता, आतला पातळ थर, फुटके, डागी आणि जोडकोष असे बरेच मागे उरते. हे रेशीम द्रवात आणता आले तर त्याचे पारदर्शक पापुद्रे करता येतात, जखमेवरची आवरणे करता येतात, पेशी वाढवण्यासाठी सच्छिद्र सांगाडे करता येतात.

प्रयोगशाळांत त्यासाठी रूढ असलेली रीत म्हणजे लिथियम ब्रोमाइडचे ९.३ मोलर द्रावण. एक लिटर द्रावणात हे मीठ ८०० ग्रॅमच्या पुढे. त्यात रेशीम ६० अंशांवर चारेक तास ठेवतात, मग ते मीठ बाहेर काढण्यासाठी द्रावण पातळ पडद्याच्या नळ्यांत भरून दोन-तीन दिवस पाण्यात बुडवून ठेवतात आणि पाणी बदलत राहतात. अळी जे पाण्यावर भागवते, त्यासाठी आपल्याला जवळपास पाण्याच्याच वजनाचे मीठ लागते.

वितळलेली मिठे

खाण्याचे मीठ ८०१ अंशांवर वितळते. त्याचे दोन्ही आयन लहान आणि गोल, त्यामुळे ते घट्ट रचले जातात. त्यातला एक आयन मोठा, वेडावाकडा, एका बाजूला शेपटी असलेला घेतला की रचना जमत नाही आणि मीठ बऱ्याच कमी तापमानाला पातळ होते. १९१४ मध्ये पॉल वॉल्डेन यांनी इथिलअमोनियम नायट्रेट १२ अंशांवर वितळते अशी नोंद केली. म्हैसूरच्या हवेत ते मीठ बहुतेक सगळा हिवाळाही द्रवच राहील.

१९३४ मध्ये शार्ल ग्रेनाखर या स्विस रसायनशास्त्रज्ञाला एक अमेरिकी पेटंट मिळाले: वितळलेल्या पिरिडिनियम जातीच्या मिठात सेल्युलोज विरघळवण्याचे. त्याकडे जवळपास सात दशके फारसे कोणी पाहिले नाही. २००२ मध्ये अलाबामा विद्यापीठात रॉबिन रॉजर्स आणि सहकाऱ्यांनी १-ब्युटाइल-३-मिथाइलइमिडाझोलियम क्लोराइड या आयनी द्रवात १०० अंशांवर १० टक्के सेल्युलोज विरघळवून दाखवले. मायक्रोवेव्हच्या उष्णतेने ते २५ टक्क्यांपर्यंत गेले. दोन वर्षांनी, २००४ मध्ये, अमेरिकी हवाई दलाशी संबंधित संशोधकांनी याच घराण्यातल्या द्रवांत रेशीम विरघळवले. ब्युटाइलची शेपटी असलेल्या द्रवात १३ टक्क्यांच्या आसपास, तर त्याहून आखूड इथाइलच्या शेपटीच्या द्रवात २० टक्क्यांच्या पुढे. अळीच्या ग्रंथीतल्या २५ टक्क्यांच्या इतक्या जवळ आपण आलो ते असे.

यात खरे काम करतो क्लोराइड. त्याचा ऋण भार साखळीवरच्या हायड्रोजनला ओढून घेतो, आणि शेजारच्या साखळीला धरायला तो हायड्रोजन उरतच नाही. १० ग्रॅम रेशीम ९० ग्रॅम ब्युटाइलच्या द्रवात विरघळले असेल, तर भागाकार करून पाहा: प्रत्येक अमिनो आम्लामागे आयनांच्या जवळपास चार जोड्या येतात. म्हणजे ५,२६३ दुव्यांची एक साखळी सुटी ठेवायला सुमारे २० हजार जोड्या खपतात. एका कोषाच्या चार परार्ध साखळ्यांना हा पहारा पुरवायला द्रव लागतो फक्त अडीच ग्रॅम. रेणूंच्या जगात परार्ध सहज खर्ची पडतात.

मिनिटाला एक

पण कोणता द्रव निवडायचा? धन आयन बदला, ऋण आयन बदला, शेपटीची लांबी बदला, प्रत्येक वेळी नवा द्रव. साध्या जोड्या दहा लाखांच्या घरात होतात, असा अंदाज या क्षेत्रात नेहमी सांगितला जातो. दोन-दोन मिसळले की १ वर १२ शून्ये, तीन-तीन मिसळले की १ वर १८. उद्योगात रोज वापरले जाणारे नेहमीचे द्रावक सहाशेच्या आसपास.

समजा, म्हैसूरच्या एका प्रयोगशाळेने दिवसरात्र मिनिटाला एक द्रव तपासायचा ठरवला. साध्या जोड्या दोन वर्षांच्या आत उरकतील. दोन-दोन मिश्रणांना १९ लाख वर्षे लागतील. तीन-तीन मिश्रणांना १९ खर्व वर्षांच्याही दसपट, पार दोन महापद्मांच्या (महापद्म म्हणजे १ वर १२ शून्ये) घरात. विश्वाचे वय १,३८० कोटी वर्षे आहे. या तपासणीला तशी सुमारे १४० विश्वे लागतील. हे काम पृथ्वीवरच्या ८०० कोटी माणसांत वाटले तरी प्रत्येकाच्या वाट्याला साडेबारा कोटी द्रव येतात.

अर्थात कोणी सगळे तपासत नाही. रेशीम, सेल्युलोज आणि कोळंबीच्या कवचातले कायटिन यांचे बंध वेगळे, म्हणून त्यांना लागणारा ऋण आयनही वेगळा. कायटिनसाठी क्लोराइडपेक्षा अॅसिटेटची जोडी चांगली ठरते. कायटिन आणि कायटोसानवर म्हैसूरच्याच केंद्रीय अन्न तंत्रज्ञान संशोधन संस्थेत बरेच काम झाले आहे.  आयन कोणत्या बंधावर चालून जाणार हे कळले की दहा परार्धांची यादी झपाट्याने काही डझनांवर येते. मोठी संख्या भेडसावते ती कारण ठाऊक नसेपर्यंतच.

एक टक्का पाणी

उरलेल्या काही डझन द्रवांचाही एक शत्रू आहे, तो म्हणजे पावसाळी हवा. हे द्रव हवेतला ओलावा शोषतात. वजनाने एक टक्का पाणी म्हणजे काहीच नाही, असे वाटते. पण पाण्याचा रेणुभार १८ आणि त्या ब्युटाइलच्या मिठाचा १७५. त्यामुळे वजनाने एक टक्का पाणी म्हणजे आयनांच्या दर दहा जोड्यांमागे पाण्याचा एक रेणू. क्लोराइडला धरायला पाणी रेशमापेक्षा सोपे जाते. सेल्युलोजच्या बाबतीत एवढेसे पाणीही विरघळण्यात अडथळा आणते, हे २००२ च्या कामातच दिसले होते.

हाच दोष पुढच्या पायरीला गुण ठरतो. विरघळलेले रेशीम पाण्यात किंवा मिथेनॉलमध्ये सोडले की आयन त्याच्याकडे वळतात, साखळ्या पुन्हा एकमेकींना धरतात आणि रेशीम घन होऊन बाहेर येते. द्रव मात्र पाण्यात राहतो. तो परत हवा असेल तर पाणी उडवावे लागते. एक किलो रेशमासाठी ९ किलो द्रव आणि धुण्याला २० किलो पाणी धरले, तर ते पाणी तापवून वाफ करायला सुमारे १४ युनिट वीज लागते. आयनी द्रव स्वतः जवळपास उडत नाहीत, म्हणून कारखान्याच्या हवेत त्यांचा वास नाही, स्फोटाची भीतीही कमी. मात्र यामुळे त्यांना मिळालेले ‘हरित’ हे विशेषण अर्धेच खरे आहे. हवेत न जाणारी गोष्ट पाण्यात जाऊ शकते, आणि इमिडाझोलियम घराण्यातले अनेक द्रव जलचरांना घातक आहेत.

९९ की ९९.९

परार्ध बाजूला ठेवून आता शंभराच्या आतला आकडा घेऊ: प्रत्येक फेरीत द्रवातला किती टक्के परत मिळतो? ९५ टक्के म्हटले की परीक्षेतल्या गुणांसारखे चांगले वाटते. प्रत्यक्षात ९५ टक्क्यांना १४ फेऱ्यांत निम्मा द्रव संपतो आणि शंभर फेऱ्यांनंतर १०० किलोतला अर्धा किलोच्या आसपास उरतो. ९९ टक्क्यांना निम्मा होण्याआधी ६९ फेऱ्या मिळतात आणि शंभर फेऱ्यांनंतर सुमारे ३७ किलो शिल्लक राहतो. ९९.९ टक्क्यांना निम्मा व्हायला ६९३ फेऱ्या लागतात. शंभराव्या फेरीनंतरही ९० किलो हाताशी असतो. चक्रवाढीचा हा हिशेब सावकाराच्या वहीत जसा फिरतो, तसाच रसायनांच्या टाकीत.

सेल्युलोजवाल्यांना हे ठाऊक आहे. लायोसेल धाग्याच्या कारखान्यांत वापरला जाणारा द्रावक आयनी नाही, पण तो ९९ टक्क्यांहून अधिक परत मिळवला जातो. तसे केल्याशिवाय तो धंदा उभाच राहिला नसता. फिनलंडमध्ये आल्टो आणि हेलसिंकी विद्यापीठांनी आयनी द्रवातून ‘आयोनसेल’ धागा काढला. २०१८ मध्ये फिनलंडच्या स्वातंत्र्यदिनी राष्ट्राध्यक्षांच्या पत्नी येन्नी हाउकियो यांनी बर्चच्या लाकडापासून केलेल्या या धाग्याचा पोशाख घातला. पोशाख एक शिवता येतो. दर वर्षी हजारो टन धागा काढायचा तर पुन्हा प्रश्न येतो तो द्रव परत मिळवण्याचाच.

रेशमाला हा हिशेब लावून पाहू. देशातल्या तुतीच्या रेशमाच्या फक्त एक टक्क्याएवढे, म्हणजे ३०० टन, टाकाऊ रेशीम वर्षाला आयनी द्रवातून काढायचे ठरवले असे मानू. १० टक्क्यांच्या द्रावणाला वर्षभरात २,७०० टन द्रव फिरवावा लागेल. परतावा ९५ टक्के असेल तर १३५ टन द्रव दर वर्षी सांडपाण्यात जाईल. ९९ टक्के असेल तर २७ टन. ९९.९ टक्के असेल तर २.७ टन. असा कारखाना म्हैसूरजवळ उभा राहिला तर ते सांडपाणी कबिनीला किंवा कावेरीला मिळेल, आणि म्हैसूर पाणी पिते ते याच नद्यांचे.

म्हणून रेशमाच्या नव्या द्रावकाबद्दल कोणी सांगू लागले तर तो १३ टक्के विरघळवतो की २३, हे आधी विचारू नये. दर फेरीत तो किती परत येतो, किती फेऱ्या मोजून पाहिल्या आणि उरलेला कुठे गेला, हे तीन आकडे आधी मागावेत. ९९ आणि ९९.९ यांत फरक ०.९ चा, कारखान्याच्या दारातून नदीकडे जाणाऱ्या मिठात तो दसपटीचा असतो.